घरच्या पूलला खोल बाजूला शिडी लागतेच का?

नेरळचं_शेत
नमस्कार मंडळी. नेरळजवळ आमचं छोटं घर बांधायचं काम चालू आहे आणि मागच्या अंगाला पूल घेतोय, २८ बाय १४ फूट, एका टोकाला साडेतीन फूट आणि दुसऱ्या टोकाला सहा फूट खोल. खड्डा झाला, पीसीसी (तळाचं साधं काँक्रीट) झालं, आता सळई बांधायला घेणार. उथळ बाजूला पूर्ण रुंदीच्या पायऱ्या आहेत, प्रश्न खोल बाजूचा आहे. आर्किटेक्ट मॅडम म्हणतात तिथे शिडी नको, एवढ्याशा पूलमध्ये चार हात मारले की पायऱ्या येतात आणि डेकवर (पूलभोवतीच्या काठाच्या जागेवर) वर आलेले ते स्टीलचे दोन पाइप डोळ्यांना खुपतात. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो लावून टाका साहेब, नंतर लावायची म्हटली तर टाइल फोडावी लागेल. दोघांचंही पटतंय म्हणूनच अडकलोय. आम्हा दोघांना पोहता येतं, मुलगी १२ वर्षांची आहे ती छान पोहते, मुलगा ८ वर्षांचा, अजून शिकतोय. बाबा सत्तरीच्या पुढचे, गावच्या विहिरीत पोहलेले, आता गुडघे दुखतात पण पाण्यात उतरणार म्हणजे उतरणार. शिवाय सुट्टीला भाऊ-बहिणींची पोरं येतील. स्किमरवाला (भिंतीतल्या खिडकीतून वरचा कचरा ओढून घेणारा) पूल आहे, म्हणजे पाणी काठापासून साधारण सहा इंच खाली राहील. तुम्ही काय केलंत?

पाण्यातली_मावशी
मी बरीच वर्षं मुलांना पोहायला शिकवते, त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, खोल बाजूला बाहेर पडायला काहीतरी हवंच. चार हात मारले की पायऱ्या येतात हे दमलेलं नसलेल्या माणसाचं गणित झालं. पोरं खोल बाजूला उड्या मारतात, खेळतात, नाकात पाणी गेलं की घाबरतात, आणि घाबरलेलं मूल लांबच्या पायऱ्यांकडे जात नाही, जवळचा काठ धरतं. आता काठ धरला, पण पायाखाली जमीन नाही आणि काठ पाण्यापासून सहा इंच वर, मग नुसत्या हातांवर अंग उचलून वर येणं ८ वर्षांच्या मुलालाच काय, कित्येक मोठ्या माणसांनाही जमत नाही. खात्री करायची असेल तर कुठल्याही सहा फुटी पूलमध्ये पोहून दमल्यावर शिडी न वापरता बाहेर येऊन बघा, आणि वहिनींनाही बघायला सांगा.

पण बाबांसाठी शिडी लावत असाल तर ते डोक्यातून काढा. पाण्यात अंग हलकं असतं, उभ्या शिडीवरून वर येताना सगळं वजन एकदम हातांवर आणि गुडघ्यांवर येतं, वर पाण्याबाहेर आल्याबरोबर कधी कधी वयस्कर माणसांना गरगरतं. त्यांना पायऱ्याच बऱ्या, तिथे एका बाजूला धरायला रेलिंग नक्की घ्या. बहुतेक लोक पायऱ्या करतात आणि रेलिंग विसरतात.

साइटवरून
मी पूलचीच कामं करतो, कर्जत-खोपोली पट्ट्यात. सळई बांधायच्या आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत कारण आत्ता सगळे पर्याय खुले आहेत, काँक्रीट पडलं की निम्मे बंद.

शिडीच लावायची असेल तर एसएस ३१६ (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) ची घ्या, दुकानदार ३०४ दाखवेल, दिसायला सारखीच असते पण क्लोरीनच्या पाण्यात ३०४ वर चहासारखे डाग यायला लागतात, सॉल्ट क्लोरिनेटर (मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र) बसवणार असाल तर ३०४ चं नावच काढू नका. डेकच्या काँक्रीटमध्ये स्लीव्ह (शिडीचे पाय बसायच्या नळ्या) आत्ताच सोडून घ्या. नंतर कोअर कटिंग करून (काँक्रीटला गोल भोक पाडून) अँकर, म्हणजे शिडी पकडणारे खोबणे, बसवले की वॉटरप्रूफिंग फुटायचा धोका असतो आणि तिथून पाणी झिरपायला लागलं की गळती शोधता शोधता जीव जातो. पूलचं अर्थिंग करताना शिडीचे अँकरसुद्धा त्याला जोडून घ्या, इलेक्ट्रिशियन लाइट आणि पंपाचं करतो आणि शिडी सोडून देतो. आणि शिडी आणि भिंत यांच्यामधली फट तीन ते सहा इंचांत ठेवा, पोरं शिडीच्या मागून पोहत जायचा खेळ करतातच, मोठी फट असली की आत शिरून अडकतात.

मला विचाराल तर मी शिडीपेक्षा भिंतीतच बेंच काढतो. खोल बाजूच्या कोपऱ्यात दीड फूट पाण्याखाली बसायला जागा, तीन-चार फूट लांब. दमलं की त्यावर बसायचं, उभं राहायचं, एक पाऊल टाकून बाहेर. मॅडमची स्टील दिसायची तक्रारही मिटते. फक्त बेंचच्या कडेला वेगळ्या रंगाची टाइल लावा, नाहीतर वरून उडी मारणाऱ्याला तो दिसत नाही आणि पाय मोडतो. तिसरा पर्याय भिंतीत पाय ठेवायचे खाचे, पाच इंच खोल आणि फूटभर रुंद, एकावर एक, वर धरायला दोन हँडल. स्वस्त पडतं पण खाच्यांत गाळ साठतो, घासायला कंटाळा येतो आणि मग शेवाळ धरून पाय सटकतो.

ऑस्टिनचा_कोल्हापूरकर
इकडे अमेरिकेत घरच्या पूलसाठी बऱ्याच गावांत बांधकामाचा जो कोड (नियम) चालतो त्यात खोली ५ फुटांच्या वर गेली की खोल बाजूलाही बाहेर यायची सोय लागते. शिडीच हवी असं नाही, पायऱ्या, खाचे, बेंच काहीही चालतं. आम्ही बेंच घेतला आणि पोरं सगळ्यात जास्त वेळ त्यावरच असतात. आणखी एक गोष्ट कोणी बोललं नाही, तुमच्याकडे कुत्रं असेल, नाहीतर शेजारच्या वाडीवरचं येत असेल, तर उभ्या शिडीवरून त्याला चढता येत नाही. रात्री पाण्यात पडलं की भिंतीकडेने घिरट्या घालत दमतं. बेंचवर निदान त्याचे पाय टेकतात. आमच्याकडे हे झालंय, बेंचवर उभं राहून भुंकत होतं म्हणून कळलं.

आडवं_मत
मी वेगळंच विचारतो, सहा फूट हवंय कशाला? सहा फुटांत सूर मारणं धोक्याचंच, डोकं तळाला लागेल, मग त्या खोलीचा उपयोग काय? सगळीकडे साडेचार फूट करा, मोठ्यांचे पाय कुठेही टेकतील, पाणी कमी, केमिकल कमी आणि शिडीचा प्रश्नच संपला. आमच्या गावातल्या विहिरींनासुद्धा बांधणाऱ्यांनी दगडी पायऱ्या ठेवल्यात, म्हणजे खोल पाणी ठेवायचं तर वर यायची वाट ठेवायची हे मान्यच आहे, पण घरात खोल पाणी हवंच असं कुठेय.

पाण्यातली_मावशी
@आडवं_मत पटतंय, पण ८ वर्षांच्या मुलाला साडेचार फूटसुद्धा डोक्यावरून जातं, तेव्हा बेंच तरीही हवा. आणि यातलं काहीच पोहता न येणाऱ्या मुलाला वाचवत नाही हे सगळ्यांनी लक्षात घ्या. पूलभोवती कुंपण, आपोआप बंद होणारं फाटक, भिंतीवर लाइफ रिंग आणि लांब बांबू, आणि पोरं पाण्यात असताना एक मोठं माणूस फोन बाजूला ठेवून काठावर. शिडीचं ठरवताना या खर्चाला कात्री लावू नका.

नेरळचं_शेत
सगळ्यांचे मनापासून आभार. काल मॅडम आणि कॉन्ट्रॅक्टर दोघांना एकत्र बसवलं. खोली सहावरून पाच फुटांवर आणतोय, खोल बाजूच्या डाव्या कोपऱ्यात चार फुटी बेंच, उथळ पायऱ्यांना बाबांसाठी रेलिंग. कुंपण बजेटमध्ये नव्हतं, ते घातलं आणि डेकची महागडी लाकडी फळी काढली. @साइटवरून दादा, बेंच नंतर विटांत बांधतो, आरसीसीत (सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये) नको, असं कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय, चालेल का?

साइटवरून
अजिबात नको. विटांचा बेंच भिंतीपासून सुटतो, सांध्यातून पाणी आत जातं आणि वरच्या टाइल पोकळ वाजायला लागतात. बेंचची सळई भिंतीच्या सळईतूनच बाहेर काढा आणि काँक्रीट भिंतीबरोबर एकदमच घ्या. कामगारांना सेंटरिंगचा (काँक्रीट ओतायच्या साच्याचा) त्रास होतो म्हणून ते टाळतात, तुम्ही सळई तपासल्याशिवाय काँक्रीट टाकू देऊ नका, फोटो काढून ठेवा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइलच्या आधी पूल पूर्ण भरून आठवडाभर ठेवा, भिंतीवर पातळीची खूण करा, शेजारी एक बादली भरून ठेवा म्हणजे उन्हाने किती गेलं आणि गळून किती गेलं ते वेगळं कळेल. पाऊस सुरू व्हायच्या आत ही टेस्ट उरका, नंतर काहीच समजत नाही.