मागचा रस्ता जोडल्यापासून

ए-१०१: मागच्या गेटसमोर आज परत तेच. आई हात दाखवून उभ्या, पण एकही गाडी थांबेना. शेवटी वॉचमनने मध्ये उभं राहून त्यांना पलीकडे नेलं. रस्ता पुढे जोडायच्या आधी त्या वाटेला कोणी फिरकतही नव्हतं.

बी-३०२: गेटच्या दोन्ही बाजूंना स्पीडब्रेकर टाकून घ्या. आपोआप सरळ होतील.

ए-६०३: रस्ता नव्हता तेव्हा ओरड, झाला तरी ओरड. मला रोज पुढच्या सिग्नलला दोनदा थांबावं लागायचं, ते वाचलं. सोय झालीये तीही बघा की.

सी-५०४: दादा, सोय झाली हे मी नाकारत नाही. पण ती आपल्यापुरती राहिली नाही ना. दुसरं टोक जोडलं आणि आपली गल्ली दोन मोठ्या रस्त्यांमधला आडमार्ग झाली. पूर्वी आत वळणाऱ्याला इथेच कोणाकडे तरी यायचं असायचं. आता येणाऱ्यांना इथे काही काम नाही, फक्त पलीकडे निघायचंय.

काल संध्याकाळी मुद्दाम खिडकीत उभी राहिले. मोठ्या रस्त्यावरची रांग आपल्या तोंडापर्यंत आली की एक गाडी आत वळते, तिच्यामागे लगेच चार-पाच. रांग हलायला लागली की वळणं थांबतं. परत रांग, परत वळणं. आपल्या पार्किंगचं स्टिकर असलेली गाडी त्यात अधूनमधूनच दिसत होती.

बी-३०२: मॅपच तिकडून नेतो सगळ्यांना. आमच्याकडे आलेले पाहुणेही म्हणाले.

सी-५०४: हो, आणि मॅपला काय माहीत की तिथे मुलं खेळायची? त्याला मिनिटं दिसतात. मोठा रस्ता तुंबला की तो इकडे वळवणारच.

ए-६०३: पण म्हणजे मोठ्या रस्त्यावरची गर्दी तेवढी कमी झाली असेल. ते चांगलंच नाही का?

डी-२०१: काका, तसंच होईल असं नाही. ब्राएस नावाच्या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की नवा रस्ता जोडल्याने सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं.

समजा ४,००० गाड्या, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. दोन रस्ते. दोन्हींवर एक अरुंद तुकडा, जिथे दर १०० गाड्यांमागे एक मिनिट लागतं, आणि एक रुंद तुकडा, जिथे गाड्या कितीही असोत, ४५ मिनिटं. पहिल्या रस्त्यावर अरुंद तुकडा आधी, दुसऱ्यावर शेवटी. गाड्या निम्म्या निम्म्या वाटल्या जातात, म्हणून २० अधिक ४५, एकूण ६५ मिनिटं.

आता मध्ये छोटासा जोडरस्ता काढा, की पहिल्याचा अरुंद तुकडा संपला की थेट दुसऱ्याच्या अरुंद तुकड्यावर जाता येईल. सगळे आले तरी तिथे ४० मिनिटंच लागणार, मग ४५ वाल्यावर कोण जाईल? सगळे तेच करतात आणि ४० अधिक ४० असे ८० मिनिटं अडकतात. एकट्याने जुन्या वाटेने जायचं म्हटलं तर ८५. म्हणून कोणी मागे फिरत नाही.

ए-६०३: हे दोनदा वाचलं. हिशोब बरोबर आहे. पण कागदावरचा आहे.

डी-२०१: आपल्याकडे अगदी हेच झालंय असं मी म्हणत नाही काका. पण रस्ता वाढला की गर्दी कमी होणारच, हेही धरून चालता येत नाही. दक्षिण कोरियात सोल शहरात २००३ ते २००५ मध्ये चांगला वाहता उड्डाणमार्ग पाडून खालचा ओढा मोकळा केला, आणि शहर काही ठप्प झालं नाही.

ए-४०२: माझं म्हणणं वेगळं आहे. गेल्या महिन्यात रात्री ह्यांना नेलं तेव्हा ॲम्ब्युलन्स ह्याच रस्त्याने आली, म्हणून लवकर आली. तो रस्ता बंद करायची भाषा कोणी करत असेल तर मी आत्ताच नाही म्हणते.

सी-५०४: वहिनी, त्या रात्री मीही खाली होते. ॲम्ब्युलन्सला तुमच्या दाराशी यायला एक मिनिटही उशीर होईल असं काही मी मागणार नाही. मलाही रस्ता बंद नकोय. नको आहेत त्या इथे काम नसताना आरपार जाणाऱ्या गाड्या. ह्या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, फक्त नीट सांगायला हवं. रात्री लिहिते.

बी-३०२: स्पीडब्रेकरचं कोणी मनावर घेणार आहे का?

ए-१०१: आमचा तळमजला आहे, बेडरूम रस्त्याकडे. ब्रेक, धाडकन, परत ॲक्सिलरेटर, हे रात्रभर आम्ही ऐकायचं. शिवाय आईंच्या पाठीला प्रत्येक उंचवटा लागतो.

सी-५०४: मोठं लिहितेय, पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

वेगाबद्दल आधी. माणसाला समोरचं दिसून पाय ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद लागतो. ताशी ३० ने येणारी गाडी तेवढ्यात ८ मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी ५ मीटरांत थांबते. एकूण १३. ताशी ५० ने येणारी त्या एका सेकंदातच जवळजवळ १४ मीटर गेलेली असते. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबली, तिथून दुसरी पूर्ण वेगात जाते. तिचा ब्रेक लागायचाच असतो. आईंना रस्ता ओलांडताना मधला फरक एवढाच आहे. जागतिक आरोग्य संघटना उगाच सांगत नाही की जिथे माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे मर्यादा ३० ची हवी.

म्हणून वेग कमी व्हायलाच हवा. पण नुसत्या उंचवट्यांनी आरपार जाणं बंद होत नाही, लोक दोन उंचवट्यांच्या मध्ये गाडी पळवतात. आणि ॲम्ब्युलन्सलाही तिथे मंद व्हावंच लागतं. वन-वे केलं तर एका दिशेचे आरपारवाले तसेच राहतात, आणि समोरून कोणी येणार नाही ही खात्री झाली की आणखी जोरात जातात.

मला हवंय ते असं: रस्त्याच्या मधल्या एका ठिकाणी खांब. चालणारे, सायकलवाले, व्हीलचेअर सहज जातील एवढं अंतर ठेवून. गाडी दोन्ही बाजूंनी आत येऊ शकेल, पण आरपार निघू शकणार नाही. आणि वहिनी, खांब कुठे, हाच सगळा मुद्दा आहे. आपल्या मागच्या गेटच्या अलीकडे लावले तर ॲम्ब्युलन्सला अडथळा. पलीकडे लावले तर ती ज्या बाजूने त्या रात्री आली त्याच बाजूने सरळ गेटपर्यंत येईल, कुलूप नाही, खांब नाही. उलट वाटेत आरपारवाल्यांची रांग नसेल. अग्निशमनच्या गाडीसाठी खांब काढता येणारे असावेत.

हे कुठे जमलंय का असं विचाराल. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनने १९७७ मध्ये शहराचा मधला भाग चार भागांत वाटला. एका भागातून दुसऱ्यात गाडीने थेट जाता येत नाही, बाहेरच्या रस्त्याने वळसा घालावा लागतो. बेल्जियममध्ये गेंटने २०१७ मध्ये तसंच केलं. प्रत्येक भागात गाडी जाते, फक्त मधून कापता येत नाही.

आणि एक गोष्ट, जी वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या अभ्यासकाने १९६० च्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत सारख्याच दिसणाऱ्या तीन रस्त्यांवरच्या लोकांना विचारलं, तुमच्या रस्त्यावर तुमचे मित्र किती. दिवसाला २,००० गाड्यांच्या रस्त्यावर माणशी सरासरी ३ निघाले. १६,००० गाड्यांच्या रस्त्यावर एकही पुरता नाही, ०.९. समोरच्या सोसायटीतल्या आजी संध्याकाळी आपल्या कट्ट्यावर यायच्या. रस्ता जोडल्यापासून त्या आल्या आहेत का, आठवून बघा.

ए-१०१: नाही आल्या. मीही विचारलं नाही.

ए-४०२: खांब गेटच्या पलीकडे असतील तर माझी हरकत नाही. पण हे लेखी हवं, नंतर कोणी जागा बदलता कामा नये.

सी-५०४: अर्जात नकाशा काढून जोडू वहिनी. तुम्ही बघितल्याशिवाय तो जाणार नाही.

ए-६०३: मला मग परत सिग्नलवरून जावं लागणार.

सी-५०४: हो दादा. लागेल. त्यात तुमचं नुकसान आहे, ते मी लपवत नाही.

ए-६०३: ठीक आहे. पण एक सांगतो. आपण इथे अडवलं आणि सगळे शेजारच्या गल्लीत वळले, तर त्या सोसायट्या आपल्याच नावाने ओरडतील. त्यांना आधी विचारा. आणि अर्जात नुसतं "गाड्या फार वाढल्या" लिहिलं तर कोणी दखल घेणार नाही. आकडा लागतो.

सी-५०४: अगदी बरोबर. शेजारच्या दोन्ही सोसायट्यांना आपल्याबरोबर घेऊनच अर्ज करायचा, आणि आधी काही दिवसांसाठी प्रयोग म्हणून भरलेले ड्रम ठेवून बघा म्हणायचं. आकड्याचं कसं करायचं?

डी-२०१: सोपं आहे. रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकेक जण, आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहायची. जो नंबर एका टोकाला शिरला आणि दोन-तीन मिनिटांत दुसऱ्या टोकाला निघाला, तो आरपार गेला. बाकीचे इथले किंवा इथे आलेले. घाईच्या वेळी लिहिणं जमत नाही, म्हणून मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत बोलत राहायचं, नंतर जुळवायचं. यादी फक्त जुळवणीपुरती, मग पुसून टाकू. अर्जात नंबर जाणार नाहीत, नुसती संख्या.

बी-३०२: मंगळवार धरा, सोमवारचा अंदाज चुकतो. मी सिग्नलच्या टोकाला उभा राहतो, सकाळी आठ ते दहा.

डी-२०१: दुसऱ्या टोकाला मी. पण एका टोकाला दोघं लागतील, एक आत येणाऱ्यांना, एक बाहेर जाणाऱ्यांना.

ए-६०३: सिग्नलच्या टोकाला दुसरा मी. नाहीतरी तिथेच अडकायचंय.

सी-५०४: मग डी-२०१ बरोबर मी. सगळ्यांनी पावणेआठला मागच्या गेटपाशी या, घड्याळं जुळवून घेऊ.