नवीन मेटल डिटेक्टर : नाणी सोडून सगळं सापडतंय, सल्ला हवा

नवखा_खणकर
मंडळी, महिन्याभरापूर्वी मेटल डिटेक्टर घेतला. साधंच व्हीएलएफ (अगदी कमी फ्रीक्वेन्सीवर चालणारं) मशीन आहे, एका फ्रीक्वेन्सीचं, डबल डी कॉइलवालं, म्हणजे जमिनीवर फिरवायच्या चकतीत इंग्रजी D च्या आकाराची दोन वेटोळी. स्क्रीनवर ० ते ९९ मधला आकडा येतो. ओळखीच्या एकांच्या पडीक जमिनीवर त्यांना विचारून चार रविवार घालवले. कमाई : बाटल्यांची एकोणीस बुचं, खिळे, फॉइलचे बोळे आणि एक बिजागरी. नाणं एकच, तेही गवतात वरच पडलेलं. ते मशीनने नाही, मीच पाहिलं.

मशीन सारखं टिवटिवत असतं. खोलवरचं सापडावं म्हणून सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर ठेवलीय. एकाच जागी आकडा कधी ४२, कधी ७८. आणि बरोबर मधोमध आवाज येतो म्हणून खणावं, तर वस्तू वीतभर पुढे नाहीतर मागे निघते. एक मित्र म्हणतो, डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूचा आवाज गाळणारी सोय) लावून लोखंड बंदच करून टाक. करू का? अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

जुनी_माती
आधी सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणा. वाढवली की खोली वाढते हे खरं, पण शांत जमिनीवर. विजेच्या तारा, खिशातला मोबाइल, मातीतलं लोह या सगळ्यांची कुरकुर मशीन मोठी करून ऐकवतं आणि त्यात खोल नाण्याचा बारीक आवाज बुडतो. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. हेडफोन लावा. मग जिथे धातू नाही अशी हातभर जागा शोधून ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज मशीनला वगळायला लावा : कॉइल जमिनीजवळ वर-खाली, वर-खाली, आवाज सपाट होईपर्यंत. माती बदलली की पुन्हा.

कॉइल फिरवताना दोन्ही टोकांना उचलली जाते का, कुणाला तरी बघायला सांगा. नव्या माणसाचं हमखास होतं. जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, समांतर, आणि आधीच्या पट्ट्यावर निम्मा पट्टा चढवत पुढे सरकायचं. केर काढल्यासारखं भराभर नको.

आता वीतभर चुकण्याबद्दल. डबल डी कॉइलची पकड पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत अशी लांबट, अरुंद पट्टी असते. डावी-उजवीकडे फिरवून वस्तू आडवी कुठे आहे ते कळतं, पण त्या पट्टीत पुढे आहे की मागे, ते नाही. म्हणून तिथेच काटकोनात वळून उभे राहा आणि पुन्हा फिरवा. दोन रेषा जिथे छेदतील तिथे खणा. पिनपॉइंटचं (वस्तूची नेमकी जागा दाखवणारं) बटणही कॉइल बरोबर वस्तूवर असताना दाबू नका. शेजारच्या मोकळ्या मातीवर दाबा, मग वर आणा.

आणि चार रविवार पुरेत, पुढचा घरी काढा. लाकडी टेबलावर (फरशीवर नको, स्लॅबमधल्या सळ्या ओरडतात) नाणी, बूच, फॉइल, खिळा एकेक ठेवून आवाज ऐका, आकडा वहीत लिहा.

चुंबकवाला
वरच्यात भर. तुमच्याकडची नाणी आधी चुंबकाला लावून बघा. आजची बरीच नाणी पोलादाची असतात. ब्रिटनची १ आणि २ पेन्सची नाणी १९९२ पासून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत, युरोची १, २ आणि ५ सेंटचीही तशीच. दिसायला तांबं, पण मशीन त्यांना बहुतेकदा लोखंडाच्या रांगेत बसवतं नाहीतर वेडावाकडा आकडा देतं. अशा नाण्यावर मशीन शिकलात तर शिकणं उलटं होईल.

आकडा म्हणजे धातूचं नाव नव्हे, हेही लक्षात ठेवा. वस्तू वीज किती सहज वाहू देते आणि केवढी आहे याचा तो मिळून काढलेला अंदाज. फॉइल खाली, चांदी वर, हे ठीक. मधे मात्र कॅनची ओढायची कडी आणि सोन्याची अंगठी एकाच आकड्यावर येऊ शकतात.

खिळेखाऊ
डिस्क्रिमिनेशन बंद ठेवा. अजिबात लावू नका!! टेबलावरच बघा : नाणं ठेवा, त्याच्यापासून दोन बोटांवर खिळा ठेवा, लोखंड बंद करा आणि कॉइल फिरवा. नाणं गायब होतं की नाही? जुन्या जागी नाण्याशेजारी खिळा असतोच.

जुनी_माती
@खिळेखाऊ, प्रयोग बरोबर, पण जिथे मुठीमुठीने खिळे आहेत तिथे पहिल्याच महिन्यात सगळं उघडं ठेवलं तर माणूस कंटाळून मशीन माळ्यावर टाकेल. माझा मधला मार्ग : लोखंड बंद करायचं नाही, त्याला हलक्या आवाजातलं घुरघुरणं द्यायचं. सगळं ऐकू येतं, कानही किटत नाहीत.

बुचांचं सांगायचं राहिलं. बाटलीचं बूच पातळ पोलादाचं, चपटं आणि गोल, त्यामुळे नाण्यासारखा उंच आवाज देऊन फसवतं. काटकोनात वळा आणि कॉइल हळूहळू मागे ओढत वस्तूवरून उतरवा. नाण्याचा आवाज शेवटपर्यंत नाण्याचाच राहतो, बुचाचा कडेला येऊन घोगरा होतो. ४२ चे ७८ होतात तिथे बहुधा हाच प्रकार, नाहीतर दोन वस्तू शेजारी. अगदी सुरुवातीला मात्र बुचंही खणा, नाहीतर तो घोगरेपणा कानात बसणार नाही.

नवखा_खणकर
सगळ्यांचे आभार. एक सांगायला लाज वाटतेय. सेन्सिटिव्हिटी कमी करूनही दर तिसऱ्या फेरीला उजवीकडे आवाज यायचा. आज कळलं, माझ्या बुटांच्या टोकात पोलादी वाटी आहे.

चुंबकवाला
लाजू नका, मोठ्या माणसांची संगत आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला खुद्द अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल असंच यंत्र घेऊन गेले होते. गोळी सापडली नाही. अपयशात पलंगाच्या गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांचाही वाटा होता म्हणतात.

हिरवळ_राखा
खणण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. गवतात गोल भोक पाडू नका. तीन बाजू कापा, चौथी मुळांसकट तशीच ठेवा आणि झाकण उघडल्यासारखं उलटा. माती कापडावर काढा, परत भरा, झाकण बसवून पायाने दाबा. खोली दाखवणारा काटा वस्तू नाण्याएवढी आहे असं धरून चालतो. कॉइल वीतभर उचलली तरी आवाज तेवढाच असेल तर खाली डबा आहे समजा. संरक्षित ऐतिहासिक जागी मशीन काढायचंच नाही. जुनं काही सापडलं तर कळवावं लागतं का, हा कायदा प्रत्येक देशात वेगळा, तुमचा आधी वाचून घ्या.

नवखा_खणकर
तीन आठवड्यांनी लिहितोय. तीच जमीन, वेगळे बूट. घुरघुर आणि तिच्या कडेला एक छोटी किण्ण. उत्तर-दक्षिण फिरवलं तर नाही, पूर्व-पश्चिम फिरवलं की येते. चार वेळा सोडून देऊन परत आलो. बोटभर गंजका खिळा निघाला आणि त्याखाली, मातीत कडेवर उभं, हिरवं पडलेलं तांब्याचं नाणं. अक्षरं दिसत नाहीत. जुना टूथब्रश घेऊन बसलोय, घासू का?

जुनी_माती
ब्रश खाली ठेवा! आधी नुसत्या स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा, माती आपोआप सुटू दे. आणि त्या खड्ड्यात पिनपॉइंटर (हातात धरायचा छोटा डिटेक्टर) पुन्हा घातला होतात का?

नवखा_खणकर
नाही. निघालो.