‘हम लोग’वाले मनोहर श्याम जोशी कादंबरीकार म्हणून कसे? कुठून सुरू करू?

अजनीवाला

मुलगी हिंदी घेऊन बी.ए. करतेय. परवा कॉलेजच्या लायब्ररीतून ‘कसप’ नावाची कादंबरी घेऊन आली. ती आंघोळीला गेली तेवढ्यात मी सहज पहिलं पान उघडलं, तर नायक लग्नघरात उभारलेल्या तात्पुरत्या संडासात बसलाय! प्रेमकथा आहे म्हणे. मी पुस्तक मिटून ठेवलं. मग मागच्या कव्हरवर लेखकाचं नाव आणि माहिती वाचली आणि चाटच पडलो. हा तर आमची ‘हम लोग’ मालिका लिहिणारा माणूस.

आमचा म्हणतोय, कारण १९८४ साली नागपुरात रेल्वे क्वार्टर्सच्या आमच्या लायनीत एकच टीव्ही होता. कृष्णधवल, लाकडी पेटीतला, पुढे सरकतं दार असलेला. आईनं सतरंजी अंथरायची, शेजारच्या काकूंनी हरभरे सोलत बसायचं आणि मालिकेतला बाप बसेसर राम दारू पिऊन आला की दोघींनी मिळून त्याला शिव्या घालायच्या. भागाच्या शेवटी निवेदक अशोककुमार यायचे, ‘छन पकैया’ म्हणायचे, की उठायचं. हे सगळं कुणीतरी लिहिलेलं आहे हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. ते घर दिल्लीकडे कुठेतरी खरंच आहे असंच वाटायचं.

तर प्रश्न असा. असलं सोज्वळ लिहिणारा माणूस आणि संडासातून कादंबरी सुरू करणारा माणूस एकच कसा? आणि वाचायचंच झालं तर काय आधी वाचू? माझी हिंदी नागपुरी आहे, म्हणजे बोलायला फर्डी आणि वाचायला लंगडी.

निवृत्त_हिंदीवाला

एकच आहेत. थोडी पार्श्वभूमी देतो, ३१ वर्षं शाळेत हिंदी शिकवल्याची सवय आहे, सांभाळून घ्या.

जन्म १९३३, अजमेरला. घराणं आजच्या उत्तराखंडातल्या अल्मोड्याचं, कुमाऊँनी ब्राह्मण. लखनौ विद्यापीठातून बी.एस्सी. झाले आणि तिथेच अमृतलाल नागरांच्या सहवासात साहित्याचं वेड लागलं. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये काही काळ होते. मग दिल्लीला कवी-संपादक अज्ञेयांच्या ‘दिनमान’ साप्ताहिकात, आणि १९६७ पासून ‘साप्ताहिक हिंदुस्तान’चे संपादक. मुंबईत धर्मवीर भारतींचं ‘धर्मयुग’, दिल्लीत जोशींचं ‘साप्ताहिक हिंदुस्तान’. आमच्या शाळेत दोन्ही यायची आणि स्टाफरूममध्ये पळवापळवी व्हायची.

पहिली कादंबरी ‘कुरु कुरु स्वाहा’ १९८० साली आली, म्हणजे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. नंतर ‘कसप’. मग टीव्ही. ‘क्याप’ला २००५चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि पुढच्याच मार्चमध्ये दिल्लीत निधन.

सोज्वळपणाबद्दल म्हणाल तर तो दूरदर्शनचा होता, जोशींचा नव्हे.

खर्डेघाशी

मास्तरांचं शेवटचं वाक्य पटलं आणि नाहीही. मी गोरेगावात मालिकांचे संवाद लिहून पोट भरते, चौदा वर्षं झाली, म्हणून जरा लांबण लावते.

आधी ‘हम लोग’ आला कुठून ते बघा. अजनीवाले दादा, तुमच्या विदर्भाचाच संबंध आहे. वसंत साठे वर्ध्याचे खासदार, तेव्हा माहिती-प्रसारण मंत्री. ते मेक्सिकोला गेले असताना तिकडच्या मालिका त्यांच्या पाहण्यात आल्या. कुटुंबनियोजनासारखा विषय कथेत मुरवून लोकांच्या गळी उतरवायचा, असा तिकडे प्रयोग झाला होता. तो इकडे करायचं ठरलं आणि लिहायचं काम जोशींकडे आलं. जुलै १९८४ला सुरू, डिसेंबर १९८५ला बंद, मधे दीडशेवर भाग.

आता गंमत. सुरुवातीचे तेराएक भाग लोकांना आवडले नाहीत. उपदेश फार होता. आजच्या भाषेत सांगायचं तर तेव्हा टीआरपी असता तर चॅनेलनं स्लॉट काढून घेतला असता. मग जोशींनी काय केलं? संततिनियमनाचा भोंगा आवाजात खाली आणला आणि माणसं पुढे आणली. बडकीचं लग्न, मझलीचं सिनेमाचं वेड, छुटकीला डॉक्टर व्हायचंय, नन्हेचं क्रिकेट, लल्लूचं नोकरीपायी खेटे घालणं. प्रचार गेला नाही, तो बडकीच्या तोंडी गेला. आणि प्रेक्षक पत्रं लिहायला लागले. अशोककुमारांना आलेल्या पत्रांचा आकडा चार लाखांच्या वर सांगतात.

आमच्याकडे आज कथा एक जण लिहितो, पटकथा दुसरा, संवाद तिसरी (मी). वरून चॅनेलची माणसं ‘इथे हुक हवा’ (म्हणजे प्रेक्षकाला अडकवणारं काहीतरी) म्हणून वनलाइन, म्हणजे प्रसंगांचा आराखडा, परत पाठवतात. आधी शूट करून ठेवलेला एपिसोड शिल्लक नसला की सकाळी साताच्या शिफ्टचा सीन मी पहाटे चारला मोबाइलवर टाइप करून सेटवर पाठवते आणि नटी मेकअप करता करता पाठ करते. हे रडगाणं नाही, धंदाच असा आहे. पण तुम्ही बसेसर रामचं बोलणं ऐका आणि दादीचं ऐका. पडदा बंद करून नुसता आवाज ऐकलात तरी कोण बोलतंय ते कळतं. माझ्या मालिकेत सासू, सून आणि वकील एकाच मराठीत बोलतात, आणि तो दोष माझाच आहे.

म्हणून मला वाटतं, या माणसाची खरी कमाई कान ही होती. कुमाऊँनी घरातला, लखनौत शिकलेला लेखक ‘बुनियाद’ मालिकेत लाहोरच्या पंजाबी कुटुंबाच्या तीन पिढ्या लिहितो, मास्टर हवेलीराम आणि लाजोजी लिहितो, आणि फाळणीत घरदार सोडून आलेली माणसं ते आपलं म्हणून बघतात. ‘कक्काजी कहिन’ मालिकेतला ओम पुरींचा नेता पुरबी वळणाच्या हिंदीत अशी लाडीगोडी लावतो की लाच देणाऱ्यालाच उपकार झाल्यासारखं वाटावं. ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’ तर सगळ्यांना माहीतच आहे.

त्यांचं ‘पटकथा लेखन : एक परिचय’ हे पुस्तक मी चर्चगेटच्या फुटपाथवर घेतलं होतं. मधली आठ पानं सुटी झालीत, रबरबँड लावून ठेवलंय. नवीन मुलगा टीममध्ये आला की आधी ते वाचायला देते. दोघांनी परत केलं नाही, म्हणून आत्ता आहे ती तिसरी प्रत.

तिरकस_तात्या

कान वगैरे ठीक आहे ताई, पण हिशेब मांडा की. १९८० आणि ८२मध्ये दोन तगड्या कादंबऱ्या. मग टीव्ही सुरू झाला आणि पुढची कादंबरी थेट नव्वदच्या दशकात. टीव्हीनं हिंदीतला एक मोठा कादंबरीकार ऐन भरात दहा वर्षं खाल्ला, हे सरळ का म्हणत नाही? त्यांच्या ‘हमराही’ मालिकेची देवकी भौजाई कितीही झकास असली तरी तिच्यासाठी मी ‘कसप’च्या तोडीची एक कादंबरी देणार नाही.

खर्डेघाशी

तात्या, तारखा बरोबर आहेत. निष्कर्ष नाही.

‘कुरु कुरु स्वाहा’ उघडा. तिला ते कादंबरी म्हणतच नाहीत, दृश्य आणि संवादप्रधान ‘गप्प-बायस्कोप’ म्हणतात, आणि वाचता वाचता बघा-ऐका असं वाचकाला सांगतात. हे ‘हम लोग’च्या चार वर्षं आधी! म्हणजे टीव्ही त्यांच्या लेखनात बाहेरून घुसला नाही, आधीच आत बसलेला होता. त्यात मुंबई आहे, एकाच माणसाचे तुकडे आहेत (भाबडा मनोहर, पढीक जोशीजी आणि हे सगळं सांगणारा ‘मी’), आणि एक बाई आहे, तिचं नावच ‘पहुँचेली’. आपण ‘पोचलेली’ म्हणतो तीच. बंबइया, संस्कृत, बंगाली, इंग्रजी सगळ्याची भेळ. प्रत्येक जण वेगळ्या भाषेत खोटं बोलतो.

आणि टीव्हीच्या पैशावर घर चालवून माणूस पुन्हा लिहायला बसला, ते काय लिहिलं? ‘हरिया हरक्यूलीज की हैरानी’. म्हाताऱ्या बापाच्या बद्धकोष्ठापायी आयुष्य वेचणारा मुलगा. हे कुठलं चॅनेल घेणार होतं? दहा वर्षं घराघरांत शिरून आल्यावरच माणूस इतका निर्लज्ज होऊ शकतो. (हे कौतुक आहे.)

दादा, तुमच्या संडासाचं उत्तरही यातच आहे बघा. पहिल्या पानापासून शेवटापर्यंत पोटाचे विकार.

पहाडची_सून

मी मूळची सांगलीची, लग्न होऊन उत्तराखंडात हल्द्वानीला आले त्याला एकोणीस वर्षं झाली. चर्चा वाचून राहवलं नाही.

‘कसप’ पहिल्यांदा वाचली तेव्हा अर्ध्या शब्दांपाशी अडले. इथली हिंदी वेगळी. ‘मी गरीब आहे’ म्हणायचं तर ‘मैं तो गरीब ठैरा’. ऐकीव गोष्ट सांगताना मागे ‘बल’ लागतं, आपल्या ‘म्हणे’सारखं. कादंबरी या बोलीत लडबडलेली आहे. मी सासूबाईंना विचारायचं ठरवलं. त्या मडुव्याचं, म्हणजे नाचणीचं, पीठ चाळत होत्या. म्हटलं, “ईजा (आई), कसप म्हणजे काय?” मान वर न करता म्हणाल्या, “कसप.” मला वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, जरा चिडून, “कसप!” मग दीर हसायला लागला. त्याचा अर्थच ‘कोण जाणे’ असा आहे. त्या उत्तर देत होत्या की ‘मला माहीत नाही’ म्हणत होत्या ते आजही नक्की नाही. ‘क्याप’ पण इथलाच शब्द. काहीतरी भलतंच, धड सांगता न येणारं.

अजनीवाले दादा, पहिल्या पानावर थांबू नका हो. तो नायक डीडी पोरका आहे, मुंबईत फिल्मवाल्यांकडे उमेदवारी करतोय, नातेवाइकांच्या लग्नाला नैनितालला आलाय. घाईत पायजम्याच्या नाड्याला भलतीच गाठ बसते आणि त्याच अवस्थेत नायिकेची, बेबीची, पहिली नजर त्याच्यावर पडते. हसू येतं, पण पुढे दोनेकशे पानांनी ती गाठ आठवली की घशाशी येतं. पुढचं सांगत नाही.

निवृत्त_हिंदीवाला

क्रम असा लावा : ‘कसप’, मग ‘कुरु कुरु स्वाहा’, मग ‘हरिया’. ‘क्याप’ शेवटी. पुरस्कार आहे म्हणून त्यापासून सुरुवात करू नका, अवघड जाईल. बोलीचे शब्द अडले तर कोश शोधत बसू नका, मोठ्यानं वाचा.

तिरकस_तात्या

‘हरिया’ मी वाचलेली नाही, मागवली. वाद नंतर घालतो.

अजनीवाला

सगळ्यांचे आभार. ‘कसप’ म्हणजे आमच्याकडचं ‘काय माहीत बाप्पा’! असं आधी सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी बसलो असतो.

मास्तरांचं ऐकून मोठ्यानं वाचायला घेतली. साठ पानं झालीत. नाड्याचा प्रसंग वाचताना बायको पोळ्या टाकून बाहेर आली, म्हणाली पुन्हा वाचा. आई आता ऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, ती मधेच म्हणाली, “हा बसेसर रामवाला का?” मी अजून तिला काहीच सांगितलं नव्हतं. मुलीनं सांगितलं असेल, नाहीतर… काय माहीत.

अडचण एकच. मंगळवारी पुस्तक परत करायचंय आणि मुलगी म्हणते, बाबा, परीक्षा माझी आहे.