चतुर की टाचणी?

प्रश्न : पाऊस ओसरला की आश्विनात तळ्याकाठी, भातखाचरांच्या बांधावर चतुर दिसतात. त्यातल्या काडीसारख्या बारीक किड्याला काही जण ‘टाचणी’ म्हणतात. ती चतुराची मादी की पिल्लू? दोघांना ‘चतुर’च लिहिलं तर चालेल का?

उत्तर : मादीही नाही, पिल्लूही नाही. पंख फुटल्यावर कीटक वाढत नाही; चतुराचं पिल्लू बिनपंखाचं असतं आणि पाण्यात राहतं. टाचण्यांचा गट वेगळा, त्यांच्यातही नर-मादी असतात. चतुर आणि टाचण्या दोन्ही ज्यात येतात त्या ‘ओडोनाटा’ या सगळ्या गणालाही चतुर म्हणतात, म्हणून बोलण्यात खपतं. नोंदवहीत मात्र वेगळं लिहा.

ओळखताना सगळे आधी पंख पाहतात : चतुर आडवे पसरून बसतो, टाचणी पाठीवर मिटून. पण काही टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवतात आणि इथेच नोंदी चुकतात. अशा वेळी डोळे पाहा. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना, मध्ये चांगली मोकळी जागा. बहुतेक चतुरांचे एकमेकांना टेकलेले. तरीही शंका राहिली तर पंखांचं बूड : चतुराचा मागचा पंख बुडाशी पुढच्यापेक्षा रुंद, टाचणीचे चारही निमुळते. म्हणून फोटो दोन हवेत, एक वरून आणि एक बाजूने. सकाळी अंग तापेपर्यंत ते फारसे उडत नाहीत, तेव्हा जा. फक्त आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका.

पुरवणी : संध्याकाळी दिव्याकडे येणारी, जाड मिशांची ‘टाचणी’ बहुधा टाचणी नसतेच. वाळूत नरसाळ्यासारखे खड्डे करणाऱ्या अळीचा तो प्रौढ किडा. चतुर-टाचण्यांच्या मिशा केसाएवढ्या, जेमतेम दिसणाऱ्या.

आणखी एक : व्याकरणात चतुर पुल्लिंगी, अनेकवचनही ‘चतुर’च, ‘चतुरे’ नको. चतुराचे पंख, चतुरांचा थवा. टाचणी-टाचण्या. आणि मागे लांबतं ते शेपूट नव्हे, पोट. गाडीच्या चकचकीत टपावर चतुर ‘शेपूट आपटताना’ दिसतो, ती अंडी घालू पाहणारी मादी असते. टपावरून परतणारा प्रकाश तिला पाण्यासारखा भासतो. अंडी अर्थात वाया जातात.

प्रश्न : आणि ऑक्टोबरात माळावर थव्याने घिरट्या घालणारे पिवळसर?

उत्तर : बहुधा पॅन्टाला फ्लॅवेसन्स (हे शास्त्रीय नाव) या जातीचे. चतुरच, टाचणी नव्हे. याच सुमारास ते मालदीवमध्येही थव्याने उतरतात, पुढे समुद्रावरून पूर्व आफ्रिकेकडे जातात.