गुरूचे चार चंद्र: कोणता कुठला, आणि त्यातला एखादा मध्येच नाहीसा का होतो?

मृगव्याध

७० मिमी व्यासाची, ७०० मिमी फोकल लेंथची अपवर्तक दुर्बीण आहे. सोबत ९० अंशांचा डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा आरसा), २५ आणि १० मिमीचे आयपीस. गुरू, त्यावरचे दोन मुख्य पट्टे आणि चंद्र व्यवस्थित दिसतात. प्रश्न असे:

ॲप न उघडता आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो ओळखता येतात का? स्टेलॅरियम या ॲपमध्ये जो चंद्र डावीकडे दाखवतात तो मला उजवीकडे दिसतो, पण वर-खाली मात्र बरोबर. हे कसं? आणि मुख्य म्हणजे, एक चंद्र गुरूपासून चांगला सुटा असताना हळूहळू मंद होत गेला आणि दिसेनासा झाला. ढग नव्हते, बाकीचे तीन जसेच्या तसे होते. गुरूच्या मागे गेला म्हणावं तर कडेजवळही पोचला नव्हता. मध्ये गुरूच्या जवळजवळ अर्ध्या व्यासाइतकी मोकळी जागा होती.

याच साधनांत पुढे काय बघण्यासारखं आहे तेही सांगा.

उत्तरायण

डावं-उजवं आधी निस्तरा, कारण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

डायगोनलमध्ये एकच आरसा असतो, म्हणून प्रतिमा आरशातल्यासारखी पालटते: वर-खाली सरळ, डावं-उजवं उलट. डायगोनल काढून सरळ आयपीस लावला तर प्रतिमा पूर्ण १८० अंशांत फिरलेली दिसते, म्हणजे दोन्ही उलट. न्यूटनी परावर्तकातही १८० अंशांचाच फेर असतो, शिवाय डोकं कुठल्या कोनात झुकवलंय त्याप्रमाणे ती आणखी तिरकी होते. तुमचा डायगोनल बाजूला वळवलेला असेल तर 'वर' म्हणजे आकाशातलं वर राहत नाही, हेही ध्यानात ठेवा. स्टेलॅरियममध्ये प्रतिमा आडवी आणि उभी पालटण्याची बटणं आहेत. तुम्हाला फक्त आडवी पालटायची आहे.

पण बटणांपेक्षा ही रीत भरवशाची: गुरू मधोमध आणा आणि दुर्बिणीला हात लावू नका. मोटर असेल तर बंद करा. गुरू दृश्यक्षेत्रातून ज्या कडेने बाहेर सरकतो ती पश्चिम. कुठलीही दुर्बीण, कितीही आरसे, उत्तर तेच. २५ मिमीच्या आयपीसने २८ पट विवर्धन मिळतं, त्यात गुरू मध्यापासून कडेला जायला काही मिनिटं लागतात. १० मिमीने (७० पट) लवकर कळतं.

तबकडी

ओळखण्याबद्दल. अंतराचं माप गुरूच्या तबकडीच्या व्यासात घ्यायचं आणि ते तिच्या मध्यापासून मोजायचं. त्या मापात चारही चंद्रांची जास्तीत जास्त धाव अशी:

आयो ३ व्यास (प्रदक्षिणा १ दिवस १८ तास २८ मिनिटं)
युरोपा ४.७ व्यास (३ दिवस १३ तास)
गॅनिमीड ७.५ व्यास (७ दिवस ४ तासांना थोडा कमी)
कॅलिस्टो १३ व्यास (१६ दिवस साडेसोळा तास)

म्हणजे आठ व्यासांपलीकडे चंद्र दिसला तर तो कॅलिस्टोच, दुसरं काही शक्य नाही. पाच ते साडेसातच्या दरम्यान असेल तर गॅनिमीड किंवा कॅलिस्टो. उलटा नियम मात्र चालत नाही: 'सर्वांत जवळचा तो आयो' असं बरेच जण सांगतात आणि ते वारंवार चुकतं. आपण या कक्षा जवळजवळ कडेवरून पाहतो, त्यामुळे कॅलिस्टो गुरूच्या पुढून किंवा मागून जाताना अगदी त्याला खेटून दिसू शकतो.

मग प्रकाशमान बघा. ते 'प्रतीत' मोजतात, आकडा जितका लहान तितका ठिपका तेजस्वी. गॅनिमीड सर्वांत तेजस्वी, ४.६ प्रतीच्या आसपास, आयो ५.०, युरोपा ५.३ आणि कॅलिस्टो ५.७ च्या जवळ. आयो-युरोपातला फरक डोळ्याला कळणं कठीण, पण गॅनिमीड आणि कॅलिस्टो यांच्यातला एका प्रतीचा फरक सहज कळतो. दोन चंद्र शेजारी असतील तर फोकस मुद्दाम किंचित बिघडवा. ठिपक्यांच्या छोट्या चकत्या होतात आणि त्यांच्या उजळपणाची तुलना सोपी जाते.

तिसरी खूण गतीची. आयो गुरूच्या जवळून जात असतो तेव्हा दोन-सव्वादोन तासांत एका तबकडीइतका सरकतो. संध्याकाळी एक आणि दोन तासांनी एक अशी दोन रेखाचित्रं काढली की जो ठळक हलला तो बहुधा आयो किंवा युरोपा.

आणि ओळीबाहेरचा ठिपका चंद्र समजू नका. चारही चंद्र गुरूच्या विषुववृत्ताच्या पातळीत फिरतात, म्हणून ते पट्ट्यांना समांतर असलेल्या रेषेच्या आसपासच सापडतात. गुरू ध्रुवांकडे चपटा आहे (विषुववृत्ताशी व्यास सुमारे १,४३,००० किमी, ध्रुवांतून १,३३,७०० किमी), तेव्हा तबकडीचा लांब अक्ष हीच त्या रेषेची दिशा. पाचवा चंद्र शोधण्याच्या भानगडीत पडू नका. अमाल्थिया १४व्या प्रतीचा आहे. १८९२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ बर्नार्डला तो दिसला तो लिक वेधशाळेच्या ३६ इंची दुर्बिणीतून.

छायाप्रकाश

आता नाहीशा झालेल्या चंद्राकडे. तो गुरूच्या मागे गेला नाही, गुरूच्या सावलीत गेला. पिधान आणि ग्रहण या दोन वेगळ्या घटना आहेत. पिधानात चंद्र तबकडीच्या कडेला टेकून मागे दडतो. ग्रहणात तो आपल्या दृष्टीने मोकळ्या आकाशात असतो, फक्त त्याच्यावर सूर्यप्रकाश पडत नाही.

सावली सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला पसरते. प्रतियुतीच्या दिवशी (गुरू आपल्या आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येतो तेव्हा) ती नेमकी गुरूच्या मागे लपलेली असते, त्यामुळे तेव्हा ग्रहण असं वेगळं दिसतच नाही. प्रतियुतीपूर्वी सावली गुरूच्या पश्चिमेला डोकावते, प्रतियुतीनंतर पूर्वेला. हे तिरकेपण प्रतियुतीच्या साधारण तीन महिने आधी आणि नंतर सर्वांत जास्त, म्हणजे ११ अंशांच्या थोडं वर असतं. अकरा अंश थोडे वाटतात, पण जितका चंद्र दूरचा तितकी त्याच्या कक्षेपाशी सावली बाजूला सरकलेली.

त्या कमाल स्थितीचा हिशेब असा. आयोच्या कक्षेपाशी सावलीची बाहेरची कड तबकडीच्या कडेपासून जेमतेम अर्ध्या व्यासावर असते आणि आतली कड गुरूमागेच राहते. म्हणून आयोच्या एका फेरीत ग्रहणाची सुरुवात आणि शेवट ही दोन्ही टोकं कधीच दिसत नाहीत: प्रतियुतीपूर्वी फक्त विझणं, नंतर फक्त उजळणं. युरोपाचंही जवळपास तसंच. त्याच्यासाठी बाहेरची कड एका व्यासाच्या थोडी आत असते. गॅनिमीडपाशी मात्र सावली पूर्ण सुटी होते. तबकडीपासून साधारण अर्ध्या व्यासावर तिची एक कड, दीड व्यासावर दुसरी. कॅलिस्टोची आणखी लांब.

तुम्ही म्हणता तशी अर्ध्या व्यासाइतकी जागा मध्ये होती आणि विझणं पूर्वेला झालं असेल, तर तो आयो किंवा युरोपा असूच शकत नाही. मंद व्हायला किती वेळ लागला? आयो साडेतीन-चार मिनिटांत विझतो, गॅनिमीडला आठेक मिनिटं लागतात (५,२६८ किमी व्यास, सेकंदाला सुमारे १०.९ किमी वेग, भागाकार करून बघा), कॅलिस्टोला दहाच्या वर. आणि पूर्वेला की पश्चिमेला?

मृगव्याध

सात-आठ मिनिटं. वरच्या रीतीने दिशा पाहिली: गुरू डाव्या कडेने बाहेर जातो, चंद्र विझला तो उजवीकडे. म्हणजे पूर्व.

आणखी एक. चंद्रांच्या घटनांच्या वेळापत्रकात आयोचं अधिक्रमण (गुरूच्या तबकडीपुढून जाणं) चालू असल्याचं दिलं होतं, पण तबकडीवर काहीच दिसेना. २× बार्लो (विवर्धन दुप्पट करणारं भिंग) लावून १४० पट केलं तरी नाही.

छायाप्रकाश

मग गॅनिमीड, प्रतियुती झाल्यानंतरचा. (अलीकडची प्रतियुती १० जानेवारी २०२६, पुढची फेब्रुवारी २०२७; दोन प्रतियुतींत साधारण १३ महिने जातात.) क्रमही ठरलेला आहे: चंद्र गुरूच्या मागून पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. गॅनिमीड पश्चिम कडेला पिधानात गेला, पूर्व कडेने बाहेर आला, थोडा वेळ चकाकला आणि मग पूर्वेलाच सावलीत शिरला. तीन-साडेतीन तासांनी आणखी पूर्वेला तो पुन्हा उजळला असणार. विझला म्हणून दुर्बीण आवरली की निम्मा कार्यक्रम हुकतो.

कॅलिस्टोबाबत सावध राहा. गुरूचा अक्ष तीन अंशांनी कललेला आहे. आतल्या तिघांना तो कल पुरत नाही, ते दर फेरीत सावलीत सापडतात. (गॅनिमीड कधी कधी सावलीच्या अगदी काठाने जातो, एवढंच.) कॅलिस्टो इतका दूर आहे की साधारण तीन वर्षं त्याला ग्रहणं लागतात आणि पुढची तीन वर्षं तो सावलीच्या वरून किंवा खालून सुटतो.

वेळापत्रकातल्या वेळा बहुधा जागतिक वेळेत असतात, आपल्या प्रमाणवेळेचा फरक मिळवायला विसरू नका. दिलेल्या क्षणाच्या दहा मिनिटं आधी डोळा आयपीसला हवा, कारण मंद होणं आधीच सुरू झालेलं असतं. याच ग्रहणांच्या वेळा पृथ्वी दूर जाताना मागे पडतात आणि जवळ येताना पुढे सरकतात, हे पाहून रोमर या खगोलशास्त्रज्ञाने १६७६ मध्ये प्रकाशाला वेग असल्याचं दाखवलं. त्याने पृथ्वीच्या कक्षेच्या व्यासासाठी २२ मिनिटं काढली होती. खरं उत्तर १६ मिनिटं ३८ सेकंद.

तबकडी

अधिक्रमणाचं सांगतो. आयो आणि युरोपा उजळ आहेत आणि गुरूचे ढगही उजळ. पांढऱ्या भिंतीवर खडूचा ठिपका शोधण्यातला प्रकार. तबकडी कडेला काळवंडलेली असते, म्हणून शिरताना आणि निघताना पहिली-शेवटची दहा-पंधरा मिनिटं चंद्र उजळ टिकलीसारखा दिसू शकतो, मधोमध पोचला की विरघळतो. गॅनिमीड आणि कॅलिस्टो गुरूपेक्षा काळपट, ते मध्यावर करड्या ठिपक्यासारखे उमटतात.

बघायची असते ती चंद्राची सावली. ती शाईच्या थेंबाइतकी काळी. प्रतियुतीपूर्वी सावली चंद्राच्या पुढे चालते, नंतर मागून येते. ७० मिमीत गॅनिमीडची सावली हवा स्थिर असताना जमते. आयो-युरोपाच्या सावल्यांना चिकाटी लागते, ९०-१०० मिमी असेल तर बरं.

१४० पट ही तुमच्या दुर्बिणीची कमाल मर्यादा (व्यासाच्या मिमीला दोन पट). तिथे प्रतिमा अंधुक होते आणि हवेची थरथर तेवढीच वाढते. गुरूला ७० ते १०० पट पुरे. गुरू क्षितिजापासून ३० अंशांवर येईपर्यंत थांबा, दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवून थंड होऊ द्या, खिडकीतून किंवा दिवसभर तापलेल्या स्लॅबवरून बघू नका. फोकस गुरूवर करू नका, चंद्रांवर करा: ठिपके लहानात लहान झाले की तबकडीही नेमकी झालेली असते. आणि संधिप्रकाशात, सूर्य पूर्ण मावळल्यावर लगेच, आकाश अजून निळं असताना बघा. चकाकी कमी जाणवते आणि पट्टे रात्रीपेक्षा स्वच्छ दिसतात. हे बहुतेक जण करतच नाहीत.

उत्तरायण

पुढे काय, तर आधी गुरूपाशीच थांबा. गुरूच्या विषुववृत्ताची पातळी साधारण दर सहा वर्षांनी आपल्या आणि सूर्याच्या रेषेत येते, तेव्हा चंद्र एकमेकांनाच झाकतात किंवा एकमेकांवर सावली टाकतात. असा हंगाम २०२१ मध्ये होता, पुढचा २०२६-२७. दोन ठिपके एक होतात किंवा एखादा काही मिनिटं मंदावून पूर्ववत होतो. शेजारच्या चंद्राशी तुलना करत दर मिनिटाला नोंद ठेवली तर ७० मिमी पुरते.

शनीचा टायटन सोपा आहे: ८.४ प्रत, सोळा दिवसांत फेरी, जास्तीत जास्त अंतर कड्यांच्या टोकापासून टोकापर्यंतच्या रुंदीच्या साडेचार पट. फक्त तो गुरूच्या चंद्रांसारखा एका रेषेत अडकलेला नसतो. कडी उघडी असतील तेव्हा शनीच्या वर-खालीही शोधा.

लघुग्रहांत व्हेस्टापासून सुरुवात करा. ५२५ किमी व्यासाचा गोळा, चांगल्या प्रतियुतीला सहाव्या प्रतीच्याही वर चढतो. दुर्बिणीत तो हुबेहूब ताऱ्यासारखा दिसतो, तबकडी वगैरे विसरा. ओळख गतीवरून: प्रतियुतीच्या सुमारास तो रोज पाव अंश सरकतो, म्हणजे पूर्ण चंद्राच्या निम्म्या रुंदीइतका. २५ मिमीचा आयपीस लावा, नकाशावरची जागा मधोमध आणा, आठव्या-नवव्या प्रतीपर्यंतचे सगळे तारे कागदावर उतरवा. एखाद-दोन रात्रींनी तेच क्षेत्र पुन्हा काढा. घाईत फक्त संशयित तारा आणि त्याच्या शेजारचे दोन काढले की दुसऱ्या रात्री नेमकं काय हललं ते ठरत नाही, म्हणून निदान दहा-बारा तारे हवेत. शेजारी ठळक त्रिकोण किंवा जोडी असलेली रात्र निवडली तर काम निम्मं होतं. पौर्णिमेच्या आसपासचे चार-पाच दिवस टाळा.