शब्दचर्चा : ब्लॉकचेन म्हणजे खतावणी की रोजकीर्द?

मूळ प्रश्न, गोव्यातल्या फोंड्याहून :

आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा बैठक होते. एकाने एक अवघड विषय सोप्या मराठीत सांगायचा आणि बाकीच्यांनी खोड्या काढायच्या. या खेपेला ब्लॉकचेन माझ्या वाट्याला आलं. मी संगणक शिकवते, त्यामुळे विषय नवा नव्हता. तरी टिपणाच्या पहिल्याच वाक्यावर अडले : 'ब्लॉकचेन ही एक विकेंद्रित, वितरित खातेवही आहे.' असंच वाक्य मराठीत जिकडेतिकडे सापडतं, म्हणून मीही उतरवून घेतलं होतं. सासूबाईंनी ते वाचलं आणि विचारलं, "खातं कुणाचं? आणि केंद्र आधी कुठे होतं, जे मोडलं?" दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून विचारते. इंग्रजीतल्या 'लेजर'ला खातेवही म्हणणं बरोबर आहे का? 'विकेंद्रित' बरोबर की 'विकेंद्रीकृत'? आणि खुद्द ब्लॉकचेनला मराठी शब्द हवाच का? 'ठोकळासाखळी' असा एक वाचला, पण तो लहान मुलांचं खेळणं वाटतो. शिवाय आपल्याकडे साखळी म्हटलं की वाळवंटीकाठचं गाव डोळ्यांपुढे येतं. 'साखळीत नोंद केली' म्हटलं तर लोक विचारतील, नगरपालिकेत का?

म्हापशाहून, निवृत्त हिशेबनीस :

ताई, संगणकातलं मला फारसं कळत नाही, पण वह्यांतलं कळतं. तुमच्या सासूबाईंनी बरोबर जागी बोट ठेवलं आहे. पूर्वी पेढीवर मुख्य वह्या दोन असत. पहिली रोजकीर्द. दिवसभरात जे घडलं ते घडलं त्या क्रमाने त्यात उतरवायचं : अमुकाकडून इतके आले, तमुकाला इतके दिले. दुसरी खतावणी. कीर्दीतल्या नोंदी माणसामाणसाच्या नावाखाली तिच्यात लावायच्या, म्हणजे कुणाकडे किती येणं-देणं आहे ते एका पानावर दिसतं. इंग्रजीतलं लेजर म्हणजे ही खतावणी, आणि खातेवही म्हणतात तीही हीच.

आता सांगा, तुमच्या ब्लॉकचेनमध्ये नोंदी माणसाच्या नावाखाली असतात की वेळेच्या क्रमाने? वेळेच्या क्रमाने असतील तर ती कीर्द झाली.

पुन्हा फोंड्याहून :

काका, तुम्ही माझं टिपण अर्धं लिहून दिलंत. बिटकॉइन हे ब्लॉकचेनवर चालणारं डिजिटल चलन. त्यात 'अमुकाच्या खात्यात इतकी शिल्लक' अशी नोंद कुठेच नसते. कुणाकडून कुणाकडे किती गेले, एवढ्याच नोंदी एकापुढे एक असतात. माझ्याकडे किती आहेत हे बघायचं तर माझ्याकडे आलेल्या आणि अजून पुढे न गेलेल्या रकमा शोधून त्यांची बेरीज करायची. म्हणजे ती सरळसरळ रोजकीर्दच. साधारण 10 मिनिटांनी एक पान भरतं आणि त्या पानाला ब्लॉक म्हणतात.

एक जास्तीची माहिती. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने 31 ऑक्टोबर 2008 रोजी बिटकॉइनची कल्पना मांडणारा जो नऊ पानी निबंध आला, त्यात 'ब्लॉकचेन' हा जोडशब्द नाहीच. ब्लॉक वेगळा येतो, चेन वेगळी येते. जोडून लिहायची रीत नंतर पडली. तेव्हा नावात पवित्र असं काही नाही, आपण आपला शब्द खुशाल करू शकतो.

पण साखळीचा भाग उरतो. एक पान दुसर्‍याला जोडलेलं असतं ते कसं, हे कीर्दीच्या भाषेत सांगता येईल का?

म्हापशाहून :

येईल की. कीर्दीचं प्रत्येक पान आदल्या दिवसाच्या शिल्लकेने सुरू होतं. महिन्यामागच्या पानावर 100 चे 1000 केलेत तर त्या दिवसाची शिल्लक बदलते, मग दुसर्‍या दिवसाची, आणि आजपर्यंतच्या सगळ्या पानांची. तपासनीस लबाडी तेवढ्यावरच पकडतो.

मात्र लबाड कारकून त्याच पानावर दुसरीकडे 900 चा खोटा खर्च टाकतो. बेरीज जुळते आणि पुढच्या पानांना पत्ता लागत नाही. असे दोन पाहिले आहेत मी.

पुन्हा फोंड्याहून :

बरोबर तीच पळवाट इथे बुजवली आहे. पुढच्या पानावर मागच्या पानाची बेरीज न नेता अख्ख्या पानाचा ठसा नेतात. त्याला 'हॅश' म्हणतात. बिटकॉइन जी रीत वापरतं तिचं नाव एसएचए-256. पानावर चार ओळी असोत की चार हजार, ठसा आकडे आणि अक्षरं मिळून 64 चिन्हांचाच निघतो. पानातला एक स्वल्पविराम हलवला तरी तो ओळखू येणार नाही इतका बदलतो. दुसरीकडे भरपाई करून तोच ठसा परत आणणं व्यवहारात अशक्य.

वर्गात हे सांगताना मी दाण्याच्या कुटाचा दाखला देते. दाण्यांचं कूट होतं, कुटाचे दाणे होत नाहीत. 'कूटलेखन', 'कूटचलन' या शब्दांतला कूट वेगळा, गूढ या अर्थाचा, पण मुलांना स्वयंपाकघरातलाच लक्षात राहतो. दाखला अर्धाच लागू पडतो म्हणा. दोन मुठी दाण्यांचं कूट एका मुठीच्या दुप्पट होतं, हॅशची लांबी वाढत नाही. म्हणून शब्द म्हणून मी 'ठसा' घेईन आणि कूट समजावण्यापुरतं ठेवीन.

ठशांची ही कल्पना बिटकॉइनच्या आधीची आहे. कागदपत्र अमुक दिवशी अस्तित्वात होतं हे कसं सिद्ध करावं, यावर स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी 1991 साली लिहिलं. पुढे 1995 पासून त्यांच्या कंपनीकडे आलेल्या कागदपत्रांचा एकत्रित ठसा दर आठवड्याला 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत छापला जाऊ लागला. जमीन घेण्याआधी आपण वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो ना, त्यातली युक्ती आणि ही एकच : अंक हजारो घरांत गेला की सगळे परत गोळा करून बदलता येत नाहीत.

पणजीहून, सॉफ्टवेअरवाला :

कीर्द पटली, पण थोडं थांबा. इथेरियम ही दुसरी ब्लॉकचेन 30 जुलै 2015 ला सुरू झाली, आणि त्यात प्रत्येक पत्त्याची, म्हणजे खात्याची, शिल्लक धरूनच ठेवलेली असते. नोंदींची कीर्द आहे आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या संगणकात खतावणीही तयार होते. त्या खतावणीत माणसांच्या खात्यांबरोबर प्रोग्रामचीही खाती असतात. पैसे आले, अट पूर्ण झाली, की प्रोग्राम स्वतः पुढची नोंद करतो. विकेंद्रित अ‍ॅप म्हणतात ते यावरच उभं असतं. तेव्हा कीर्द हा पाया आणि खतावणी हा वरचा मजला, असं लिहा. कीर्द पहिल्या पानापासून पुन्हा वाचली की खतावणी नव्याने बांधता येते, उलट येत नाही. म्हणून नाव पायाचंच असावं या मताचा मीही आहे.

'अ‍ॅप'ला 'अनुप्रयोग' करू नका मात्र. आमच्या ऑफिसात तो शब्द कुणी उच्चारलेला मी ऐकलेला नाही. तसंच 'वॉलेट'चं पाकीट नको. त्यात पैसे नसतातच, नोंदीवर सही करण्याच्या गुप्त किल्ल्या असतात. 'जुडगा' म्हणा. जुडगा हरवला की घर उभं राहतं आणि तुम्ही बाहेर, हे त्या शब्दातच येतं.

डिचोलीहून :

आणि 'मायनिंग'चं काय करणार? कृपा करून 'खाणकाम' लिहू नका. आमच्या तालुक्यात खाण म्हटलं की ट्रकांच्या रांगा, तांबडी धूळ आणि नदीतल्या बार्जी. 2012 साली खाणी बंद पडल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या. माझा पुतण्या एकदा म्हणाला, "काका, इथेरियमचं मायनिंग बंद झालं," आणि ओसरीवर बसलेले चौघे एकदम वळून म्हणाले, "हें खंयचें लीज?" (हे कुठलं लीज?)

पणजीहून :

पुतण्या खरंच बोलला. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमने ती पद्धत सोडली. पण हा शब्द मुळातच फसवा आहे. सातोशीच्या निबंधात सोन्याच्या खाणीची उपमा एका वाक्यात येते, तीही नवी नाणी चलनात कशी येतात तेवढ्यापुरती. 'मायनर' प्रत्यक्षात करतो ते कारकुनाचं काम. आलेल्या नोंदी तपासायच्या, पानावर मांडायच्या, आणि पानाचा ठसा ठरावीक मर्यादेखाली येईपर्यंत एक आकडा बदलत राहायचं. ज्याचा आधी जुळला त्याचं पान वहीत लागतं आणि त्याला मेहनताना मिळतो. 2009 मध्ये तो 50 बिटकॉइन होता, साधारण चार वर्षांनी निम्मा होत होत एप्रिल 2024 पासून 3.125 आहे. मुद्दा असा, की जुनं पान बदलायचं तर त्याचे आणि पुढच्या सगळ्या पानांचे कष्ट पुन्हा उपसावे लागतात, आणि तोवर बाकीचे पुढे गेलेले असतात.

इथेरियममध्ये आता कष्टांऐवजी पैसे अडकवतात. 32 ईथर (हे इथेरियमचं चलन) ठेवले की पानं तपासायच्या पाळीत तुमचं नाव येतं. लबाडी उघड झाली तर त्यातून कापून घेतात. इंग्रजीत याला 'प्रूफ ऑफ स्टेक' म्हणतात, पण म्हणून 'हितसंबंधाचा पुरावा' वगैरे म्हणण्याचं कारणच नाही. आपल्याकडे निवडणुकीत डिपॉझिट जप्त होतं हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. 'अनामत' म्हणा, झालं. मायनरला काय म्हणायचं ते मला सुचलेलं नाही.

मडगावहून, वकील :

तो मायनर म्हणजे कोमुनिदादीतला (गावच्या सामायिक जमिनीची संस्था, म्हणजे जुनी गावकारी) एश्क्रिवांव, लेखनिक! गावकारीच्या चालीरीती 1526 च्या फोरालात, म्हणजे सनदेत, पोर्तुगिजांनी लिहून काढल्या, त्यातही लेखनिक आहे, आजच्या कोमुनिदादीतही आहे. सभेत ठरलेलं त्याच्या वहीत चढलं की ते खरं. ब्लॉकचेनमध्ये वही असते, पण नेमलेला एश्क्रिवांव नसतो. प्रत्येकाकडे वहीची प्रत असते आणि पुढचं पान लिहायचा मान दर खेपेला नव्याने ठरतो. 'लेखनिक' हा साधा शब्द मला पुरेसा वाटतो.

आता मूळ प्रश्नातल्या 'विकेंद्रित'कडे. व्याकरण सोपं आहे. करणीतून झालेलं ते विकेंद्रीकृत, नुसती स्थिती सांगायची तर विकेंद्रित. अर्थाचा घोळ त्याहून मोठा. मराठीत विकेंद्रीकरण रुळलं ते पंचायत राज्याबरोबर. 73 व्या घटनादुरुस्तीपासून तर प्रत्येक भाषणात आहे. तिथे वर केंद्र असतंच, ते आपल्या हातातलं थोडं खाली सोडतं, आणि वाटलं तर परत ओढतं. ब्लॉकचेनमध्ये सोडणारं कुणी नाहीच. म्हणून सासूबाई विचारतात, केंद्र कुठे होतं? मी 'बिनकेंद्री' म्हणेन. शब्द जरा ओबडधोबड आहे, पण बिनपगारी, बिनविरोध यांच्या पंगतीत बसतो.

आणि अट पूर्ण होताच स्वतः नोंद करतो त्या प्रोग्रामला 'स्मार्ट करार' म्हणतात, तो शब्द जपून वापरा. करार दोन माणसांच्या मनात होतो, हा प्रोग्राम नुसता अंमल करतो. आपल्या जत्रेतली पावणी, म्हणजे लिलाव, घ्या. सगळ्यांत चढी बोली ज्याची, नारळ त्याचा, हा नियम प्रोग्रामात घातला की बोलीचे पैसे घेणं, हरलेल्यांचे परत करणं, सगळं आपोआप. बोली चुकून एक शून्य जास्त पडली तर मात्र देवळाचा अध्यक्ष हसून सोडून देतो तसं इथे कुणी सोडणार नाही. 2016 च्या जूनमध्ये 'द डीएओ' नावाच्या सामायिक निधीच्या प्रोग्रामात चूक सापडली आणि कुणीतरी सुमारे 36 लाख ईथर बाजूला काढले. ती चोरी की नियमानेच घेतलेले पैसे, यावर जुंपली. शेवटी जुलैत बहुतेकांनी ती हलवाहलव फिरवणारी वही पुढे नेली. ज्यांना हे मान्य नव्हतं ते जुन्या वहीवर राहिले आणि ती आजही इथेरियम क्लासिक म्हणून चालू आहे. याला शब्द मात्र आयता आहे : फाटा फुटला.

पुन्हा फोंड्याहून :

वकीलताई, मग जमिनीच्या नोंदी यात घातल्या तर हडपाहडपी थांबेल का? बैठकीत हा प्रश्न हमखास येणार.

मडगावहून :

अर्धवट. 2022 मध्ये गोवा सरकारला जमीन हडपण्याच्या प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं. अशा प्रकरणांत बनावट जुने दस्तच पुढे करतात. एक-चौदाचा, म्हणजे आपल्याकडचा जमिनीचा, उतारा नोंद झाल्यावर कुणी गुपचूप बदलला तर ठसा ओरडून सांगेल. पण खोटा दस्त पहिल्याच दिवशी आत गेला तर तोही तितक्याच इमानाने कायम जपला जाईल. एकच भूखंड दोघांना विकणं पकडता येईल. विकणारा मुळात मालक होता का, हे वही सांगत नाही.

पेडण्याहून :

या अडचणीला त्या लोकांत एक नाव आहे, ऑरॅकल. पाऊस पडला का, बाटलीत खरोखर काजूची फेणी आहे का, हे वहीबाहेरचं प्रोग्रामला कुणीतरी सांगावं लागतं. फेणीला 2009 पासून भौगोलिक मानांकन आहे. प्रत्येक बाटलीला ठसा दिला तरी आत काय ओतलं ते भट्टीवरचा माणूसच जाणे. ऑरॅकलला मराठीत 'कौल' का नको? आपण देवाला कौल लावतोच.

मडगावहून :

कौल मागतात ते काय करावं हे विचारायला. पाऊस किती मिलिमीटर पडला हे विचारायला कुणी पाकळ्या लावत नाही. शिवाय कौलावर शंका घेत नाहीत, इथे शंका घेणं हेच काम आहे. 'खबर' आणि 'खबर देणारा' एवढं पुरे.

पेडण्याहून :

मान्य नाही, पण 'खबर देणारा' चालवून घेईन. बैठकीत दोन्ही सांगा.

पुन्हा फोंड्याहून :

पहिलं वाक्य आता असं लिहिलं आहे : 'ब्लॉकचेन ही बिनकेंद्री साखळीकीर्द आहे. तिची प्रत प्रत्येक सहभागीकडे असते, प्रत्येक पानावर मागच्या पानाचा ठसा असतो, आणि पुढचं पान कोणत्या लेखनिकाने लिहायचं हे कष्टांवरून किंवा अनामतीवरून ठरतं.' ब्लॉकचेन हा शब्द काढलेला नाही. लोक तोच शोधत येतात. काका, जुन्या कागदपत्रांत कीर्द म्हणजे जमिनीची लागवड असंही वाचलं. त्याने घोटाळा होईल का?

म्हापशाहून :

होणार नाही. तो अर्थ आता दप्तरखान्यातच भेटतो. फक्त 'साखळीकीर्द' जोडूनच लिहा. तोडून लिहिलंत तर साखळीची कीर्द होईल आणि लोक खरंच नगरपालिकेत जातील.