मिशनवरून परत आलेल्या बहिणीचं काय करू?

बावखलकाठ, वसई:
माझी आत्तेबहीण नर्स आहे, सिस्टर म्हणजे नन नव्हे हां, आपल्यासारखी प्रापंचिकच. तीन वर्षं आफ्रिकेत मिशनच्या दवाखान्यात होती, जूनमध्ये परत आली. चर्चमध्ये सत्कार, शाल, फोटो सगळं झालं आणि आता कोणी विचारत पण नाही. परवा लग्नाला गेलो तर ताट हातात घेऊन नुसतीच उभी, आणि घरी येऊन कपडे धुतलेलं पाणी बादलीने केळींना घालत होती, रात्री साडेदहाला, वर धो धो पाऊस! आत्या म्हणते डोक्यावर परिणाम झालाय. असं कोणाच्या घरी झालंय का?

जुना_गवंडी:
परिणाम बिरिणाम काही नाही, पाणी दुरून आणायची सवय अशी चार दिवसांत जात नाही. मी पण परत आलेलाच माणूस. पहिले सहा महिने प्रत्येक वाक्य ‘आमच्या तिकडे’ असं सुरू करायचो, शेवटी बायको म्हणाली मग तिकडेच जा. काम असं ठरवून काही मिळालं नाही, शेजारची म्हातारी संडासात पडली म्हणून तिला धरायला भिंतीत दांडी बसवून दिली, तिने सगळ्या आळीत सांगितलं, आता ड्रिल घेऊन महिन्याला चार-पाच घरं होतात. तुमच्या बहिणीला सल्ले देऊ नका, पेशंट द्या.

सरळसोट:
राग येईल पण विचारतो, आफ्रिका कशाला? जव्हार-मोखाडा काय लांब आहे?

मिस्सानंतर_चहा:
@सरळसोट मग आता तुम्हीच घेऊन जा की तिला, गाडी आहे ना. गंमत सोडा. १९५५ साली मोन्सिन्योर ब्रॉवर्स या धर्मगुरूंनी लॉस एंजेलिसला ले मिशन हेल्पर्स ही प्रापंचिकांची संस्था काढली, नर्स, शिक्षक, मेकॅनिक असे लोक तीन वर्षांसाठी बाहेर पाठवायचे. मुदतच ठरलेली, म्हणजे परत येणं त्यात आधीच धरलेलं होतं, तिचं काही अर्धवट सुटलेलं नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ मध्ये सांगितलं की प्रापंचिकाचं काम घर, नोकरी, शेजार इथेही असतं. आपण सत्कार करून मोकळे होतो, तिथेच घोळ आहे.
तुमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, म्हणजे गरिबांच्या घरी जाऊन मदत करणारी चर्चची संघटना, असेल तर घरभेटीला तिला सोबत न्या. किंवा निक्षय मित्र, ही सरकारी योजना २०२२ पासून आहे, टीबीच्या पेशंटला पोषण आहार द्यायचा. साधा टीबी असला तरी गोळ्या सहा महिने, आणि दोन महिन्यांत बरं वाटलं की लोक सोडून देतात, तिथे नर्सने नुसती चौकशी केली तरी फरक पडतो. ट्रस्ट वगैरे काढायच्या भानगडीत लगेच पडू नका.

बावखलकाठ, वसई:
थँक्यू सगळ्यांना. काल मागच्या आळीतल्या आजोबांकडे घेऊन गेलो, शुगर आहे, पायाला जखम. आम्ही चहा पीत होतो, ही खाली बसून त्यांची चप्पल उलटी करून बघत होती, आतून खिळा वर आलेला. घरचे महिनाभर मलम लावत होते. आज सकाळी न सांगताच परत गेलीय. बादली अजून चालू आहे.